हिरव्या पानांचं घरटं

प्रिय आई, तुझ्या पायावर डोकं ठेवून लिहितेय.

मी इथं युगांडाच्या जंगलात धडधाकट हाय. उकडलेली केळी अन् राजमा पोटभर मिळतो.

चिंपांझी किती उरलेत ते काढायचं आमचं काम. ते लई लाजरे, सहसा दिसत नायत. पण रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून नवं घरटं करतात. आम्ही सरळ रेषेत चालत ती घरटी मोजतो, त्यावरून अंदाज बांधतो. मेंढरं बोटानं मोजली की नजर लागती, असं आबांनी शिकवलेलं. म्हणून मी घरटं मुठीनं दाखवते, अन् सोबतची ग्रेस हसते.

या आठवड्यात सगळी वाळल्या पानांची जुनी घरटी निघाली. हिरवं एकही नाय. कळप पुढं सरकला असंल, म्हणतात. मी तरी सारखी वरच बघत राहते.

तुझ्या पत्रात ‘घरी सगळे बरे’ एवढंच होतं. आबांचा खोकला कसा हाय? वेरूळच्या माळावर मेंढरं कोण नेतंय?

आबा कळप मोजत नायत, एकेकीला हाक मारून बघतात. तूही तसंच कर. ‘सगळे’ लिहू नको, एकेकाचं नाव घेऊन लिही.

तुझी,
कौतिका