इंद्रसिंग मास्तरांच्या बँडची पहिली तबकडी

प्रकाशे, ता. शहादे
दि. ४ जानेवारी १९६७

चि. छगन यास तापीताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. थंडी बरीच आहे. मिरची खळ्यात पसरली आहे आणि घरात जो तो शिंकतो आहे. तुझे पुढचे दात हलायला लागलेत असं कोणीतरी सांगितलं. खरं का? दात गेले तर वाजवणार कसा? लवंगेचं तेल लाव आणि विडी कमी कर. लहानपणी ऐकलं नाहीस, आता तरी ऐक.

आपल्या मीनाचं लग्न जमलं आहे. मुलगा शहाद्याला शाळेत मास्तर आहे. माणसं शेतीवाडीची, नाव राखून असलेली. मुलाच्या वडलांना सगळे बन्सीलालनाना म्हणतात. मुहूर्त माघातला धरलाय. हे तुझ्या कानावर आधीच आलं असेल, मिरचीबाजारात कोणाचं काय लपतं? पण सख्ख्या मामाला बाजारातून कळावं हे बरं नव्हे. रागावू नकोस. किंवा रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी गमतीची गोष्ट सांगते. आम्ही त्यांचं घर बघायला गेलो होतो. नानांकडे किल्लीचा फोनो आहे, त्यावर भरतकामाचं झाकण. पाहुणे आले की तो वाजवल्याशिवाय चहा पुढे येत नाही. नानांनी एक तबकडी काढली, सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि म्हणाले, "आयका, आपला नंदुरबारना बँड शे!" सुई टेकली आणि मी ओळखलं. तुमचीच ती तबकडी. इंद्रसिंग मास्तर तुम्हा सगळ्यांना मुंबईला घेऊन गेले होते ती, अगदी पहिली.

ती तू घरी आणलीस तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. मी तेव्हा माहेरी आले होते. घरात फोनो नव्हता, वाजवणार कशावर? बापूंनी ती थाळीसारखी उलटीपालटी केली आणि विचारलं, "यामा तुन्हं नाव कोठे शे?" नाव मास्तरांचं होतं, तुझं कुठेच नव्हतं. बापू म्हणाले, पाटलाचा पोर लोकांच्या दारात वाजवतो, मांडवाबाहेर उकिडवा बसून जेवतो, आणि नावसुद्धा दुसऱ्याचं. तू भरल्या ताटावरून उठलास. त्यानंतर त्या घरात तुझं ताट वाढलं गेलं नाही. आईच्या दिवसांनाही तू मागच्या दाराने येऊन गेलास.

पुढे बाजाराच्या दिवशी नंदुरबारला एका हॉटेलात ती वाजत होती. बायका कुठे हॉटेलात शिरतात! मी पिशवी घेऊन समोरच्या बाजूला उभी राहिले. एकच बाजू ऐकली, मग मालकाने दुसरं काहीतरी लावलं. तुला मी निरोप धाडला होता की फार छान झाली आहे. छान कसली! नुसता कॉर्नेटचा आरडाओरडा आणि ढोल. त्या गोंगाटात मी तुला शोधत होते आणि तू काही सापडला नाहीस.

नानांकडे मात्र सापडलास. गोंगाट तोच होता, उलट तबकडी झिजून खरखर वाढली आहे. पण आता कॉर्नेट बाजूला सारून ऐकता आलं. खाली भिंतीच्या कडेकडेने उंदीर जावा तशी तुझी क्लॅरिनेट चालली होती, आणि ती थांबली असती तर वरचं सगळं कोसळलं असतं. हे तेव्हा का कळलं नाही? तेव्हा मला तू मोठ्याने वाजायला हवा होतास, बापूंना ऐकू जाईल इतका.

नाना तर डोलत होते. म्हणाले, "हाऊ क्लारनेटवाला कोन शे माहीत नही, पन लगीनमा हाऊच पाहिजे. त्याना बोटमा सोनानी आंगठी घालसू!"

सगळे हसले. आणि त्याच हसण्यात त्यांनी ह्यांना विचारलं, "पोरना मामा कोठला?"

छगन, इथे माझा हात थांबतो. मघापासून मी मिरची नि दात लिहीत बसले ते ह्याच्यासाठीच. हे म्हणाले, "मरी गया तो. बराच वरीस हुई ग्यात."

तुझी क्लॅरिनेट तेव्हा वाजत होती. मी समोर बसले होते. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चहा घेतला.

ह्यांना वाईट म्हणू नकोस. मागच्या वर्षी धडगावच्या कचेरीतल्या एका मुलाशी मीनाचं जुळत आलं होतं. मामा बँडमध्ये वाजवतो एवढं कळलं आणि त्यांनी नारळ परत पाठवला. त्यानंतर मीना महिनाभर विहिरीवर गेली नाही, बायका विचारतील म्हणून. बाप घाबरला. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. बोहल्यावर मामा म्हणून ह्यांच्या चुलतभावाला उभं करायचंही ठरलं. राहिला तुमचा बँड. तर हे म्हणाले, मास्तरांनाच गाठू, ती तारीख दुसरीकडे गुंतली आहे म्हणून सांगायला लावू.

एवढ्यावर भागलं असतं. मीच भागू दिलं नाही.

मागच्या आठवड्यात मीनाच्या चोळ्यांची मापं घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. घरात दगूबाई एकट्याच होत्या, म्हणजे विहीणबाई. बाई मायाळू आहे. म्हणाल्या, त्या दिवशी तबकडी ऐकताना तुमचे डोळे भरले होते, मी बघितलं. पोरीच्या सासरी जाण्याचं मनात आलं असेल. थांबा, दुसऱ्या बाजूला विदाईच आहे. आणि त्यांनी किल्ली दिली.

दुसरी बाजू मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. कॉर्नेट नाही, ढोल नाही, सुरुवातीला एकटा तूच. मला वाटलं मी खळ्यात बसले आहे. आई मिरचीचे देठ खुडायला बसायची तेव्हा ठसका लागू नये म्हणून नाकातोंडाला पदर गच्च बांधायची, आणि त्या पदरातून गुणगुणायची. शब्द नसायचेच, तोंड बांधलेलं. मध्येच ठसका यायचाच. मग ती थांबायची, आणि थांबली तिथून नाही, थोडं मागून पुन्हा उचलायची. तू तस्सं वाजवलं आहेस. ती चाल, ते थांबणं, ते मागून उचलणं. मुंबईला काचेच्या खोलीत सगळ्यांसमोर तू आईचा ठसका वाजवून आलास, आणि एवढ्या वर्षांत कोणाला बोलला नाहीस. मलासुद्धा!

दगूबाई म्हणाल्या, "आठे त्याना दम सरना, बिचाराना. बाकी ब्येस वाजाडस."

दम सरला म्हणे! मला राहवलं नाही. मी म्हटलं, "त्याना दम नही सरना, बाई. ती मन्ही मायनी चाल शे. तो मन्हा भाऊ शे. जित्ता शे."

तबकडी संपून सुई नुसतीच घासत राहिली. मग म्हणाल्या, "हाई पहिले सांगनं व्हतं." मापं त्यांनी ठेवून घेतली, पण मला कुंकू लावायला विसरल्या. किंवा विसरल्या नसतील.

आता घरात काय चाललं असेल ते तू ओळख. हे माझ्याशी बोलत नाहीत. ताट पुढे केलं की जेवतात आणि उठतात. ते मी सोसेन. पण मीनाचं ऐकवत नाही. तिला तो मुलगा मनापासून आवडला आहे. काल भाकऱ्या थापताना एकदाच बोलली, "तुले तुन्हा भाऊ दिसना, माय. मी दिसनू नही." ती खोटं बोलली नाही. त्या फोनोपुढे मला खरंच ती दिसली नव्हती.

नानांकडून हो नाही, नाही नाही. निरोप एवढाच आला की त्यांचा पुतण्या प्रेमचंद येत्या बाजाराला मिरची घेऊन नंदुरबारला जाणार आहे, आणि तो मास्तरांच्या बँडच्या दुकानी चौकशी करणार आहे. म्हणजे तुझ्याकडे. बायकामाणसाच्या बोलण्यावर नानांचा अजून विश्वास नाही. त्यामुळे ह्यांना नि मीनाला वाट दिसली आहे. प्रेमचंदने विचारलं की तू म्हणायचं, प्रकाश्याची तापीबाई कोण, मी ओळखत नाही, मला बहीण नाही. मग माझं बोलणं म्हणजे मायच्या आठवणीने हळवं झालेल्या बाईचं खुळ ठरेल आणि लग्न उभं राहील. हे तुला कळवायला मला बसवलं आहे. मीनाने शाई भरून दिली. ते मी कळवलं.

तू हे करशील, मला माहीत आहे. तोंडावरची रेघ न हलवता करशील. बापूंपुढे बोलला नाहीस, मास्तरांचं नाव छापलं तेव्हा बोलला नाहीस. "मन्ही भाचीनं भलं होवो" म्हणशील आणि वाजवायला निघून जाशील. म्हणूनच मला भीती वाटते. तू आम्हाला नाही म्हटलंस की आम्ही तुला मारलं ते कायमचं होईल, आणि त्यावर तुझीच सही असेल.

लग्न मोडलं तर मीनाचं तोंड मला जन्मभर बघायचं आहे. मी बरोबर करते आहे की तिचा गळा कापते आहे, मला कळत नाही. देवाशपथ कळत नाही. दुपारपासून तीनदा उठले. हे पत्र पेटीत टाकण्याआधी मीना वाचेल. वाचू दे. तिनेच फाडलं तर माझा इलाज नाही.

पण फाडलं नाही आणि तुझ्या हातात आलं, तर मोठी बहीण म्हणून सांगते, ऐक. प्रेमचंद आला की त्याला बसव, चहा पाज. त्याने विचारलं की ती बाई तुझी कोण, तर माझं नाव घे, आणि त्याला ऐकू जाईल असं घे.

तुझी सख्खी बहीण
तापी