ताईचे सराव-पाठ

२ जुलै

ती. ताईस भिंगरीचा शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वासच बसेना. तिसरीतल्या पोरांना वजाबाकी शिकवायला चार वर्षांची पदवी? त्यात बालमानसशास्त्र, त्यात एक अख्खं सत्र शाळेत सराव-पाठ, ते नीट झाल्याचा हेडमास्तरांचा दाखला, तो मिळाला तरच शेवटची परीक्षा, आणि वर सरकारची पात्रता परीक्षा आणखी वेगळी! ताई, इथे आम्ही जुन्या इमारतींचे मजल्यावर मजले पाडतो. मला कामावर घेताना मुकादमाने फक्त दंड दाबून बघितले आणि हातात घण दिला. नावसुद्धा दुसऱ्या दिवशी विचारलं.

पोरं ऐकणार नाहीत याची तुला धास्ती वाटते म्हणतेस. उपाय सांगतो, तुमच्या पुस्तकात नसेल. वर्गातला सगळ्यात दांडगा बघायचा आणि पहिल्याच तासाला त्याच्या कानाखाली एक सणसणीत काढायची. बाकीचे आपोआप गप्प. आपल्या चौथीच्या मास्तरांनी हा प्रयोग माझ्यावर केला होता. डावा कान तेव्हाच गेला, पाठोपाठ शाळाही गेली, पण वर्ग किती गप्प बसला होता म्हणून सांगू!

आमचा मुकादमही त्याच वळणाचा. काल एकाच्या हातून सळई निसटली, तर पहारीने पाठीवर हाणलं त्याला. तो मातीत पडला, तोंड पुसून उठला आणि कामाला लागला. कुणी मान वर केली नाही, मीही नाही. असंच चालतं सगळीकडे.

आईला सांग, मी वेळेवर जेवतो. लोभ उतू गेला तरी चालेल, आटू मात्र देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


१९ जुलै

चि. भिंगरीस ताईचे अ. उ. आ.

तुझा उपाय आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्याचा उजवा कान अजून शाबूत आहे, तो मी पिळते, येऊ दे घरी.

माझा पहिला पाठ झाला. वजाबाकी दाखवायला पिशवीभर खडे नेले होते. पोरांनी ते एकमेकांना मारले. एक खडा कपाटाखाली गेला तर चौघं पोटावर झोपून तो काढायला. मागे कॉलेजच्या बाई निरीक्षणाला बसल्या होत्या, त्यांनी वर्ग ताब्यात नाही असं लिहून मार्क कापले.

वर्गाचे मास्तर हसत होते. हे कॉलेजात शिकवत नाहीत बाई, असं म्हणून त्यांनी आपली चपटी सागवानी छडी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. धरायच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आहे, हात घसरू नये म्हणून. मी ती कपाटावर टाकली. ते समोर असले की पंख्याची कुरकुर ऐकू येते इतकी शांतता असते. मी बाहेर पडले की दार लोटून घेतात. व्हरांड्यात आवाज येतो. सपकन. थोडं थांबून पुन्हा.

एक गंमत सांगते. पहिल्या बाकावर एक चिवचिवी आहे, मी तिला चिमणीच म्हणते. वजाबाकीत शेजारच्या आकड्याकडून दहा उसने घेतले, मग ते त्याला परत कधी करायचे, असं तिने मला विचारलं. मी तिला शाबासकी दिली आणि म्हटलं, असंच विचारत जा, कुणालाही विचार.

जपून राहा. उंचावर काम करताना चेष्टा-मस्करी नको. आठवण काढतेस का असं विचारू नकोस, ती काढावी लागत नाही.

तुझी,
ताई


३० जुलै

ती. ताईस शि. सा. न.

चिमणीला सांग, माझंही गणित तिथेच अडकलं होतं.

इकडची बातमी चांगली नाही. माझ्याच खोलीतल्या एकाने बहिरा बहिरा करत मागून माझ्या डाव्या कानापाशी भिंतीवर घण आपटला. सगळे हसले. मी वळलो आणि त्याच्या तोंडावर ठोसा दिला. दोन दात पडले. मुकादम खूश झाला, म्हणाला हा माणूस कामाचा आहे. आता कुणी बहिरा म्हणत नाही. रात्री माझ्या शेजारी कुणी अंथरूणही टाकत नाही, ऐसपैस झोपतो.

तुझी माया रोजच्या रोज लागते, पत्र महिन्यातून एकदा आलं तरी.

भिंगरी


१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस अ. आ.

डाव्या हाताने लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

चिमणीने तो प्रश्न मास्तरांना विचारला. त्यांनी तिची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवायला लावली आणि छडी उभी धरून मारली. मी मागे बसले होते. दुसरा फटका पडला तेव्हा हाडाचा आवाज आला. तिसरा मी हातावर घेतला. माझं मनगट मोडलंय. तिची दोन बोटं.

हेडमास्तर म्हणतात, जिन्यावरून दोघी पडलात असं लिहून द्या, म्हणजे सराव-पाठांचा दाखला देतो. दाखला नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर पदवी नाही. चार वर्षं त्या एका सहीपाशी येऊन थांबली आहेत. काय करावं सुचत नाही.

तू येऊ नकोस. ऐक माझं.

ताई


२० ऑगस्ट

ताई,

नमस्कार वगैरे नंतर. मी येतोय.

भिंगरी


३ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न., घेतलास तर.

तुला एव्हाना सगळं कळलंय, तरी माझ्या तोंडून ऐक. सोमवारी मी आलो होतो. घरी आलो नाही, तू अडवलं असतंस. घणाचा दांडा काढून फडक्यात गुंडाळून आणला. वाटभर ठरवत होतो, आधी मनगट, मग दोन बोटं. फाटकावर शिपायाने हटकलं. त्याला ढकललं, तो पायरीवर आपटला. मग पाट्या वाचत वाचत तिसरीचा वर्ग शोधला.

मास्तर वर्गात नव्हता. मी दारात उभा राहिलो आणि फडकं सोडलं. ताई, सगळी पोरं एकदम उठली आणि सगळ्यांनी हात पुढे केले. मी काही बोललोसुद्धा नव्हतो. तळवे वर, बोटं जुळवलेली. पुढच्यांनी तर डोळे मिटून घेतले. एकीच्या हाताला पट्टी होती, तिने दुसरा पुढे केला.

मी म्हटलं, हात खाली घ्या. कुणी घेईना. जोरात म्हटलं, तर आणखी ताठ केले. मागचा एक जण म्हणाला की आधी खाली घ्यायला सांगतात, आणि घेतले की पोटऱ्यांवर मारतात.

तेवढ्यात मास्तर आला. राक्षस असेल असं वाटलं होतं. माझ्या खांद्याएवढा माणूस, शर्टाला खडूची भुकटी. दांडा बघून तो फळ्याला चिकटला आणि त्याने तोंडासमोर हात धरले, पोरांसारखेच. मी दांडा उचलला. खोटं कशाला बोलू, डोक्यातच घालणार होतो. पण सगळे हातच दिसायला लागले, त्याचेही, त्यांचेही. दांडा टेबलावर घातला. फळी मधोमध फुटली, मास्तर पळाला.

मी वळून बघितलं. एका पोराच्या पायाखाली ओलं झालं होतं. बाकीचे हात तसेच. एवढा आवाज होऊन एकानेही किंकाळी फोडली नाही. स्लॅब कोसळतो तेव्हा आमच्यातली दांडगी दांडगी माणसं ओरडतात गं. ती पोरं मला घाबरली होती, ताई. त्यांच्या लेखी मी नवा मास्तर, जरा जाड छडीचा.

दांडा तिथेच टाकला आणि मागची भिंत चढून निघालो. या सगळ्याने तुझा दाखला बुडणार, हे मला भिंतीपलीकडे उतरल्यावर सुचलं. एवढंच माझं डोकं. शिव्या दे, पण पत्र पाठव.

भिंगरी


२४ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद, या खेपेला अर्धा.

शिव्या आईने दिल्या आहेत, त्या कागदावर मावणार नाहीत.

हेडमास्तर ती फुटकी फळी शिपायाच्या डोक्यावर देऊन कॉलेजात आले आणि प्राचार्य बाईंच्या समोर ठेवली. बिचाऱ्या शिपायाचं कोपर सोलवटलं होतं. त्याने तुझं काय बिघडवलं होतं रे? मला बोलावून विचारलं की हा गुंड तुमचा कोण. मी म्हटलं, माझा धाकटा भाऊ.

आता मीही खोटं बोलत नाही. तू आलास त्याच्या आदल्या दिवशी मी जिन्याचा मजकूर लिहायला घेतला होता. आणखी एक वर्ष आईला खर्च ओढायला लावायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण कॉलेजात बोलावलं होतं त्याच सकाळी तुझं पत्र आलं. त्या हातांचं वाचल्यावर मला जिना लिहिता येईना. मी प्राचार्य बाईंना सगळं सांगितलं, छडी, माझं मनगट, चिमणीची बोटं. त्यांनी ऐकून घेतलं. पण शाळेने सराव-पाठ नामंजूर केले आहेत, त्याला त्या तरी काय करणार. सत्र गेलं. पदवी पुढच्या वर्षी, तीही पुन्हा सगळे पाठ दिले तर. यात तुझा वाटा मोठा आहे, आणि तो मी विसरणार नाही.

मास्तर त्याच वर्गावर आहेत. टेबल नवीन आलंय. छडीही.

पुन्हा पाठ द्यायला कुठली शाळा हवी असं प्राचार्य बाईंनी विचारलं. मी तीच मागितली, तोच वर्ग. मार डोक्याला पण लागला होता का, असं त्यांनी विचारलं. पण नियम असा आहे की कॉलेजने पाठवलेल्या विद्यार्थिनीला शाळेने नको म्हटलं, तर का नको ते लिहून द्यावं लागतं. भाऊ आला होता असं लिहावं, तर भाऊ कशासाठी आला होता तेही लिहावं लागेल. हेडमास्तरांनी कॉलेजकडून गेलेला कागद बरेच दिवस दाबून ठेवला. काल कारणाच्या कोऱ्या रकान्यासकट परत आला, खाली मंजूर अशी सही.

सोमवारी मी वर्गावर जातेय. दारात उभी राहीन तेव्हा माझ्या हातात काहीही नसेल, आणि ती पोरं जोवर स्वतःहून हात खाली घेत नाहीत, तोवर पाठ सुरू करणार नाही. निरीक्षणाच्या बाईंना मार्क कापायचे तर कापू देत.

राग अजून गेलेला नाही, माया त्याच्या आधीपासूनची आहे. दोन्ही तुझीच, सांभाळ.

ताई