पुंजाच्या छातीचा कागद

मंगळवार, ४ जानेवारी १९७२

पुंजाराम हो म्हणाला. नाही म्हणाला असता तर मी सुटलो असतो.

कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजत सहा हंगाम गेले. आता कायम करतायत. पण गेल्या साली काट्यावरच छातीत कळ येऊन मी खाली बसलो होतो, ते कारखान्याच्या डॉक्टरांच्या ध्यानात आहे. म्हणाले, "गहिनीनाथ, नगरहून कार्डिओग्राम काढून आणा. ठीक असला तर लगेच सही करतो."

ठीक नसणारच! कळ अजून येते. घरात कुणाला बोललेलो नाही. म्हणून धाकट्या भावाला, पुंजाला म्हटलं, माझ्या नावानं तू जा. सव्वीस वर्षांचा गडी, दिवसभर विहिरीत खडक फोडतो.

"दादा, त्यात काय! पडून तर ऱ्हायचंय."

शुक्रवार, ७ जानेवारी

पुंजा नगरहून आला तो हसतच. मनगटांना, घोट्यांना पट्टे बांधले, छातीवर गार मलम लावून रबरी फुगे चिकटवले. "यंत्रातनं कागदाची पट्टी निघतीय, निघतीय — सपतच न्हाई!" मग छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी डाव्या कुशीवर वळवून नळी लावली. "लई येळ ऐकत बसला बाबा."

त्याला काही सांगितलं नाही. कारखान्याच्या डॉक्टरांच्या नावे बंद पाकीट दिलं.

नाव विचारलं तेव्हा अडखळला नाही म्हणे. मी त्याला शाबासकी दिली. खोटं बोलल्याची!

मंगळवार, ११ जानेवारी

डॉक्टरांनी बोलावलं. पाकीट फोडून ठेवलेलं होतं. "बसा," म्हणाले. 

"कागद बरा नाही. हृदयाची एक झडप आकसली असावी, असं नगरचे डॉक्टर लिहितात. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

आला होता. पुंजाला. नऊ वर्षांचा होता. आई महिनाभर त्याचे गुडघे शेकत होती.

"आला होता," मी म्हणालो.

मग त्यांनी माझ्या छातीला नळी लावली. बराच वेळ. "मला तर काही सापडत नाही. पण नगरचे डॉक्टर चुकायचे नाहीत. अंगमेहनत बंद. कायम करायचं आता कसं लिहू?"

लाज वाटते, पण लिहितो — बाहेर आलो तेव्हा आधी नोकरीच आठवली. पुंजा नंतर.

बुधवार, १२ जानेवारी

सांगितलं नाही. सांगितलं तर लबाडी उघडी पडणार, काट्यावरूनही काढणार. घरी म्हटलं, कायम करायचं पुढच्या हंगामावर गेलं. पुंजा म्हणाला, "जाऊ दे दादा, कागद तर चांगला आला ना?"

मान हलवली.

शुक्रवार, १४ जानेवारी

आजही नाही. तो चार भाकरी जेवला. आजारी माणूस चार भाकरी खातो का? यंत्र चुकत असेल!

शनिवार, १५ जानेवारी

चांगुणा म्हणाली, "भावजींकडं असं काय बघत बसताय?" बायकोलासुद्धा सांगता आलं नाही. पुंजा पहार खांद्यावर टाकून गेला. मी नुसता बघत राहिलो.

रविवार, १६ जानेवारी

दुपारी विहिरीवरून गड्यांच्या हाका आल्या. धावत गेलो. पुंजा तळाशी भिंतीला टेकून बसलेला, तोंड उघडं, श्वास पुरत नव्हता. खडक उपसायच्या यारीच्या दोरानं वर ओढला. ओठ काळेनिळे. किती हलका लागला!

घरी आणल्यावर तासाभरानं उठून बसला. "धूळ गेली नाकात," म्हणाला. आई कांदा फोडून आणायला आत गेली, तेवढ्यात मी सगळं बोलून टाकलं. पाकीट, झडप, ताप — सगळं.

तो म्हणाला, "तुला कवा कळलं?"

"मंगळवारी."

त्यानं बोटांवर मोजले. "पाच दिस."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ जानेवारी

दोघं नगरला गेलो. मी डॉक्टरांपुढं सगळं कबूल केलं. ते इतके चिडले की कंपाउंडर आत डोकावला. "मी त्याच दिवशी ह्याला कामावरून उठवला असता! मला वाटलं, हा काट्यावर बसणारा माणूस!"

पुन्हा पट्टे, पुन्हा फुगे, ह्या खेपेला खऱ्या नावानं. तेच निघालं. झडपेचं ऑपरेशन पुण्यात होतं, वय लहान आहे, आशा आहे म्हणाले. "अजून काही महिने विहिरीत उतरला असता, तर मला काही करता आलं नसतं."

मग माझ्याकडे वळले. "सदरा काढा. तुमचाही बघतो."

येताना एस.टी.त पुंजा माझ्याशेजारीच बसला. तोंड मात्र खिडकीकडं.

शुक्रवार, २१ जानेवारी

नगरचं पत्र आलं. माझा कार्डिओग्राम साफ. हृदय निकोप, कळ पित्ताची. खरं वागलो असतो तर आज कायम असतो. नगरच्या डॉक्टरांनी कारखान्यालाही सगळं कळवलं होतं; तिथल्या डॉक्टरांनी उद्यापासून काट्यावर येऊ नका म्हणून सांगितलं.

पुंजाला पत्र वाचून दाखवलं. मला मान वर करवेना. रविवारपासून पहिल्यांदाच तो आपण होऊन बोलला —

"बरं झालं दादा, तू कागदाला भ्यालास."