मिरचीचे हात

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि या वेळी तुमची आठवण आली ती लाज वाटली म्हणून. एरवी येते ती भरीत खाताना. मी आता धुळ्याला, देवपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. मुलांच्या निबंधांवर शेरे लिहिण्यात माझा हातखंडा आहे, असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात. आधी कौतुक, मग सूचना, शेवटी पुन्हा कौतुक, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं आणि मी ते इमानेइतबारे पाळतो. माझ्या वर्गाचा आणखी एक नियम आहे. पक्का निबंध लिहून झाला की कच्चा फाडून टाकायचा, म्हणजे घोळ नको.

तुम्ही मला मराठी शिकवलंत, पण माझ्या वहीवर कधी काही लिहिलंच नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली आहे, फैजपूरच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसून निबंध वाचतो आहे आणि तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापताय. थापण्याचा आवाज चालू आहे तोवर माझं बरं चाललंय. तो थांबला की मीही वाचायचा थांबतो. मी लिहिलं होतं, 'आमची केळीची बाग म्हणजे जणू भूतलावरचा स्वर्ग.' तुमचा हात थांबला. "कारे, तुह्या बापाले इचार बरं, सर्गात गुडघ्याइतका चिखल असते का?" मी रडकुंडीला आलो. तशा तुम्ही काही मऊ नव्हतात. "रडू नको. काल बागेत काय करत होता, ते सांग." मी सांगायला लागलो, आणि सांगता सांगता भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली. पहिली भाकरी मला मिळाली, वर ठेचा आणि तेल. घरी जाऊन मी चिखलासकट सगळं लिहून काढलं आणि वडिलांना, आबांना, वाचून दाखवलं. ऐकताना आबा हसत होते आणि मधूनच आपल्या पायांकडे बघत होते.

आमच्या नववीत एक मुलगी आहे. बोलते कमी. तिची आई मिरचीच्या गोदामात देठं खुडायला जाते. 'माझी आई' या निबंधात तिनं लिहिलं होतं, 'आई कामावरून आली की मला जवळ घेत नाही. मी गेले तर म्हणते, दूर ऱ्हाय, मना हात तिखा शेतस. मग ती हाताला तेल चोळत बसते आणि मी वाट बघते.' बाई, तुमचा हात इथे थांबला नसता. माझा लाल पेन थांबायला हवा होता, तो सुसाट सुटला. 'छान प्रयत्न! आईच्या मायेचा स्पर्श दाखव. बोलीभाषा टाळ. पुढील लेखनास शुभेच्छा!' गुणाची पोर ती. तिनं सगळं ऐकलं. पक्क्या निबंधात आईचा मायेचा हात तिच्या डोक्यावरून फिरला आणि तिचा सगळा शीण पळाला. मी तो वर्गात वाचून दाखवला, शाळेच्या वार्षिक अंकासाठी निवडला, आणि स्वतःवरच खूश झालो.

परवा मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात माझ्यापाशी आली. "सर, अंकात माझं नाव न घालता छापता येईल का?"

"का गं? उलट आईला वाचून दाखव."

"तेच ना सर. ती विचारेल, हा हात कोणाचा शे?"

तक्रार नव्हती तिच्या आवाजात, अडचण सांगत होती. मी जागच्या जागी खजील झालो. ज्या आईला लेकीला जवळ घ्यायचं असून घेता येत नाही, तिची सगळी माया त्या न लावलेल्या हातात होती, आणि माया दिसत नाही म्हणून मी पोरीला निबंध सुधारायला लावला. विचारलं, कच्चा निबंध आहे का? "फाडला ना सर. तुम्हीच सांगितलं होतं." मला तिची ती वाक्यं पाठ आहेत, कारण त्यांच्याच खाली मी रेघ ओढली होती. पण मी ती लिहून दिली तर तीही माझीच होतील.

म्हणून काल तिला बोलावलं आणि तुमच्यासारखंच विचारून पाहिलं. म्हटलं, आई कामावरून आल्यावर काय होतं ते नुसतं सांग, लिहू नको. ती म्हणाली, "नको सर. दुसरा विषय द्या."

हे कागद मी घडी घालून ठेवून देणार आहे, पाठवायला पत्ता तरी कुठला. तिचा निबंध अंकातून काढून घेतला, तेवढं केलं. पण 'माझं चुकलं' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, बाई. आणि मी तिला दुसरा विषय दिला.