झाडाखालच्या अळ्या

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंची खुशाली कळवा. (तुमच्या रागाची नको, तो इथवर ऐकू येतो.) फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र दूधवाल्याच्या हाती पाठवते आहे.

काका, तुमची पुतणी आता कृषी कार्यालयातली नकाशावाली बाई झाली आहे! मक्यावर लष्करी अळी आलीय हे तुम्हाला सांगायला नकोच. ती कुठून कुठे सरकतेय हे वेळेत कळलं नाही, तर कणसं धरायच्या आत पीक हातचं जायचं. म्हणून मोबाईल घेऊन शेतोशेत फिरायचं, अळी दिसली की तिथेच उभं राहून बटण दाबायचं, की नकाशावर त्या जागी लाल ठिपका उमटतो. पण भर उन्हात मोबाईलवर काही दिसेल तर शपथ! मग मी काय करायची, अळी बघायची, तडक बांधावरच्या झाडाखाली जायची आणि सावलीत निवांत बटण दाबायची. (अक्कल पाजळली म्हणा.) आढावा बैठकीत साहेबांनी भिंतीवर नकाशा दाखवला, तर अख्खं शिवार स्वच्छ आणि एका झाडाखाली ठिपक्यांचा हा ढीग! अळ्यांची तिथे सभा भरते का, असं साहेबांनी विचारलं आणि सगळं कार्यालय खो खो हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मी तुमच्याच घरातली, हार कसली मानते! दुसऱ्या दिवशी एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईल, अशी पुन्हा सगळी शेतं तुडवली. (मी ही एवढीशी, त्यामुळे मक्यातून नुसती छत्रीच चाललेली दिसायची. लोक हसले; हसू देत.) आणि काय सांगू, अळी एकाच पट्ट्याने पुढे सरकतेय हे नकाशात लख्ख दिसलं! तेवढ्याच पट्ट्यात फवारणी झाली, पुढची शेतं वाचली. साहेबांनी तो नकाशा दारासमोर लावलाय, खाली माझं नाव घालून. खरंच सांगते काका, ऊर भरून आला.

तुमची लाडकी (अजून आहे ना?) पुतणी

ता. क. नकाशाची एक प्रत सोबत जोडली आहे. काकूंना जरूर दाखवा.

ता. क. दुसरा. त्यात एकच शेत कोरं आहे, ते तुमचं. मोबाईलवाला बांधावर दिसला तर कुत्रं सोडीन, असं तुम्ही गावभर सांगून ठेवलंत, त्यामुळे कुणी आत गेलंच नाही, मीसुद्धा नाही. आणि तो लाल पट्टा निघतो तुमच्याच बांधापासून. साहेबांच्या हे अजून लक्षात आलेलं नाही, पण सोमवारी पुन्हा बैठक आहे. मी उद्या सकाळीच येते. तुमचा मका वाचवायचाय, आणि जमलं तर घराण्याची अब्रूही. तेवढं कुत्रं बांधून ठेवा.