परातीतला सेनापती

अप्पा, परवा जेवायला आलेल्या एका मुलाने आपल्या सेनापतीला वशिल्याचा म्हटलं, आणि मी आमटीची वाटी टेबलावर जरा जोरातच ठेवली. मुलगा म्हणजे जावयाचा मित्र, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करणारा. विषय कसला तरी पदार्थविज्ञानातला, पण मतं सगळ्यावर. मी सहज तुमची गोष्ट काढली, की अमरावतीच्या शाळेत इतिहास शिकवणारे माझे वडील दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन पुढाऱ्याबद्दल घरच्या माणसासारखे बोलायचे. तर हा म्हणाला, "काकू, ते राजकारणी सेनापती म्हणजे निव्वळ सोय हो. राष्ट्राध्यक्षाला त्यांच्या पक्षाची मतं हवी होती, म्हणून वाटली पदं. ट्रेनिंग शून्य." मी विचारलं, मग सैनिकी शाळेतून शिकून आलेले जे इतके हरले, ते कोणाच्या वशिल्याचे होते? त्याने वांग्याची भाजी फार छान झाल्याचं सांगितलं.

त्याचं सोडा. माझं लक्ष माझ्या लेकीकडे गेलं. "ट्रेनिंग शून्य" ऐकल्यावर भात वाढता वाढता तिचा हात थांबला होता. अप्पा, तुमची ही नात हिशेबनीस म्हणून इथल्या वन-नॉर्थ या उद्योग-वसाहतीतल्या एका कंपनीत लागली. गेल्या वर्षी तिथल्या इंजिनिअरांचा साहेब मध्येच सोडून गेला आणि कोणीतरी बघायला हवं म्हणून तो विभाग हिच्या गळ्यात पडला. हिने तो चालवला. कोणाला काय येतं, कोण कोणाशी बोलत नाही, माल कुठे अडलाय, हे तिला बसल्या जागेवरून कळतं. आता ती जागा कायमची भरायची आहे आणि मुलाखतीला हिचंही नाव आहे. पाहुणा गेल्यावर भांडी विसळताना ती म्हणाली, "आई, मी नाव मागे घेतेय. मी इंजिनिअर नाही. लोक हसण्याआधी आपणच बाजूला व्हावं." मी नुसती ताटं पुसत राहिले. माझ्या बाबतीत हे किती विरळा, ते तुम्हाला माहीत आहे.

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. रविवारची सकाळ, तुम्ही पाटावर बसलेले, समोर पितळेची परात. मसूर म्हणजे उत्तरेची फौज, पांढरे वाटाणे म्हणजे दक्षिणेची. आणि सेनापती म्हणून तुम्ही देवघरातली सुपारी उचलून आणता. आई चुलीपासूनच म्हणते, "देवाची सुपारी घोड्यावर बसवताय, आणि वर माझे मसूर मिसळताय. निवडायचे कोणी?" तुम्ही शांतपणे सांगता, की पूजेत ही सुपारी गणपती होते, कोणी घरात नसेल तर त्याच्या जागी बसते, मग सेनापती व्हायला तिची काय हरकत? आई हसते, आणि लढाई सुरू होते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाची पहिली मोठी लढाई. आपला सेनापती तेव्हा नुसता खासदार, पेशाने वकील, लांब कोट आणि उंच टोपी तशीच घालून रणांगणावर जातो आणि कोणाची तरी बंदूक उचलून लढायला लागतो. मग गावी परतून, जिथले अर्धे लोक शत्रूच्या बाजूचे, तिथे भर चौकात भाषण करून पलटण उभी करतो. भाषण तर येतंच होतं, लढणं तो लढता लढता शिकला. नंतरच्या एका दुपारी त्याचा वरिष्ठ गोळी लागून पडतो, फौज मागे सरते, आणि हा टोपी हातात घेऊन काळ्या घोड्यावरून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तुम्ही सुपारी परातीच्या काठाने फिरवायचात. वाटाणे मागे हटायचे.

कॉन्व्हेंटमध्ये थोर पुरुषावर निबंध होता. बाकीच्या मुलींनी संत आणि सम्राट घेतले, मी आपला सेनापती घेतला. सिस्टरने तो वर्गात वाचून दाखवला. तुम्ही दारातच उभ्याने वाचलात आणि विचारलंत, "तो कायदा कुठाय?" तरुणपणी याच माणसाने आपल्या राज्यात काळ्या लोकांना वस्ती करायला बंदी घालणारा कायदा आणला होता. युद्धाने हा माणूस बदलला आणि पुढे त्याच लोकांच्या हक्कांसाठी सभागृहात उभा राहिला, पण आधीचं मी गाळलं होतं. तुम्ही म्हणालात, "लपवलंस, म्हणजे तुझाच त्याच्यावर विश्वास नाही." सिस्टरच्या छडीचं मला कधी काही वाटलं नाही. हे मात्र लागलं.

गोष्टीचा शेवट तुम्ही एकदाच सांगितलात, तुमच्या शाळेला नवे मुख्याध्यापक आले त्या आठवड्यात. आधीचे आजारी पडल्यापासून शाळा तुम्हीच चालवत होता, पण तुमच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नव्हती. संस्थेने बाहेरून पदवीवाला आणला. त्या रविवारी तुम्ही सांगितलंत, की लढाई जिंकूनही ती फौज आपल्या सेनापतीला दिली नाही, सैनिकी शाळेतल्या माणसाला दिली. हा आपल्या जुन्या तुकडीकडे परत गेला आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा लढला. "गपचूप," असं तुम्ही म्हणालात. आणि सोमवारी रोजच्या वेळेला छत्री घेऊन शाळेत गेलात. मी खिडकीतून बघत होते. इतकं ताठ चालताना मी पुन्हा कोणालाही पाहिलेलं नाही.

काल रविवार होता. अमरावतीपासून समुद्रापार, तोआ पायोहच्या या फ्लॅटमध्ये पितळी परात नाही. मी स्टीलची घेतली, मसूर ओतले, वाटाणे ओतले, पूजेच्या डब्यातून सुपारी काढली आणि लेकीला हाक मारली. ती म्हणाली, "आई, काय हा पसारा." पण बसली. मी सगळं सांगितलं. कायदाही. तो ऐकून तिने तोंड वाकडं केलं, मग पुढे सरकून बसली. शेवटी तिने तेच विचारलं जे कोणीही विचारेल.

"मग मिळाली का त्याला ती फौज?"

"नाही."

"मग हे मला कशाला सांगतेस?"

"कारण तो स्वतःहून बाजूला झाला नाही. नाही म्हणायचं काम त्याने त्यांनाच करू दिलं. तूही त्यांनाच करू दे. आणि नाही म्हणाले तर चीड, मी आहे सोबतीला."

तिने थोडे वाटाणे एका बाजूला केले. मग म्हणाली, मुलाखतीला कोणती साडी, की सूटच बरा? सूट, मी म्हटलं.

अप्पा, एक सांगायचं राहिलं. तो गपचूप गेला नव्हता. निवृत्तीनंतर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्या सैनिकी शाळेवरचा राग त्याने जन्मभर धरला, बोलून दाखवला, छापूनही काढला. तुमच्यासारख्या माणसाला हे माहीत नसेल असं मी मानत नाही. कायदा लपवू न देणाऱ्या तुम्ही राग तेवढा लपवलात, त्याचा आणि तुमचाही. तुमच्या वाटचा राग मी इतकी वर्षं करत आले आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

आज सकाळी लेक मुलाखतीला गेली. एमआरटीच्या रेल्वे स्टेशनकडे वळेपर्यंत मी वरून बघत होते. पाठ तुमचीच. आता मसूर-वाटाणे निवडत बसले आहे, आईची फार आठवण येते. परातीत सुपारी नाही. सिस्टरांनी शिकवलेली, नवस-ताईत म्हटलं की नाक मुरडणारी मी, ती सुपारी सकाळी लेकीच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून मोकळी झाले. तिला सांगितलेलं नाही.