पोस्टकार्डाएवढी फट

प्रिय जीवन,

पाकिटावरचं नाव वाचून तू हे पत्र चहाच्या कपाखाली ठेवशील, हे मी गृहीत धरलंय. ठेव. पण कप उचललास की एवढं तरी वाच: परवा संध्याकाळी साडेसातला, इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवरून, तुझ्या आठ इंची आरशाच्या दुर्बिणीतून कृत्तिकांचा फोटो काढला आणि सगळे तारे गोल आले. अगदी मोहरीच्या दाण्यासारखे. मी नाचलो. खालच्या मजल्यावरच्या लताबाई धावत वर आल्या, म्हणाल्या, "भाऊ, लॉटरी लागली का?" त्यांना फोटो दाखवला. "छान आहेत, पण फारच बारीक आहेत हो." टीकाकार कुठेही असतात, हे मी तरी कुणाला सांगावं!

गेल्या कुंभमेळ्याचं वर्ष आठवतं? अख्खं शहर गोदावरीकडे निघालेलं, आणि तू द्वारका चौकामागच्या त्या खोलीत दुर्बिणीचा आरसा घासत, वाळू भरलेल्या पिंपाभोवती फिरतोयस. पिंपावर एक काच, तिच्यावर दुसरी, मध्ये पाणी आणि घासायची पूड. चार हात मारायचे, एक पाऊल सरकायचं. शाळा सुटल्यावर रोज दोन तास, सात महिने. घरमालकीण शकुबाई दारात बसून म्हणायच्या, "देवळाच्या प्रदक्षिणा आपण सोडल्या, अन् हा पिंपाला घालतोय!" माझं योगदान म्हणजे चहा, टोमणे आणि शेवटी आरसा नळीत बसवून क्लिपांचे स्क्रू पिळणं.

मग नांदगावच्या माळावर पहिला फोटो काढला. तारे तिकोनी. एक नाही, झाडून सगळे. तू तो फोटो उलटसुलट करून बघत राहिलास आणि म्हणालास, "माझा हात कुठंतरी चुकला." आणि मी काय केलं? मला रविवारच्या सदराला विषय मिळाला. 'समोसा नक्षत्र' लिहिलं: गणिताचा मास्तर सात महिने काच घासतो आणि आकाशात फरसाण तळतो. तुझं नाव नव्हतं, पण पिंप होतं, आणि नाशकात असे पिंपवाले मास्तर किती? पोरं वर्गात 'समोसा सर' म्हणू लागली. पत्रांचा पाऊस पडला माझ्याकडे. तू बदली मागून नांदगावला गेलास, दुर्बीण तिथल्या टेम्पोवाल्या नवनाथबरोबर माझ्या दारात आली, सोबत एक पोस्टकार्ड. दोनच ओळी. 'दुर्बीण तूच ठेव. तुला लिहायला विषय लागतो.' लेका, माझ्या अख्ख्या कारकिर्दीत इतकं नेमकं वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

अकरा वर्षं ती माळ्यावर होती. या थंडीत सृष्टीने ती खाली काढली. तू पाहिलीस तेव्हा शाळेत पाटीवर उंट काढायची, आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बापाचं काहीही खरं मानत नाही. कॅमेरा जोडला, फोटो काढला. समोसे! मी म्हटलं, "आरसाच तसला आहे." तर म्हणते, "बाबा, हे तुम्ही तपासलंत की नुसतं छापलंत?"

मग तिने एकेकाला साक्षीला बोलावलं. दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी मोटर अडखळत असती तर तारे एका बाजूला ओढल्यासारखे लांबले असते. शिवाय दोन सेकंदांच्या फोटोतही ते तिकोनीच, म्हणजे मोटर निर्दोष सुटली. तुझा मोठा आणि नळीच्या तोंडाजवळचा छोटा, दोन्ही आरसे एका रेषेत आणून झाले. दव पुसून झालं. शेवटी म्हणाली, "आरसा क्लिपांमध्ये पाव फेरा फिरवून बघू. दोष काचेत असेल तर त्रिकोणही फिरेल." खरं सांगतो जीवन, तो फिरावा असं मला मनापासून वाटत होतं. फिरला असता तर माझा विनोद शाबूत राहिला असता.

नाही फिरला. त्रिकोणाची टोकं होती तिथेच, तीन क्लिपांच्या हिशेबाने. सृष्टीने बॅटरी धरली आणि विचारलं, "ह्या एवढ्या आवळल्या कुणी? काच चिमटलीय." मी पाण्याच्या टाकीकडे बघू लागलो. कारण मला आठवलं. द्वारकेवरून स्कूटरवर नळी आणताना आरसा खडखडत होता, आणि नाशिकच्या खड्ड्यांवर माझा जितका विश्वास, तितका जोर लावून, स्क्रू किंचाळेपर्यंत मी ते पिळले होते. आरसा जरासा खडखडायलाच हवा असतो, हे मला परवा कळलं. क्लिप आणि काच यांच्यात कागदाएवढी फट लागते. सृष्टीने माप म्हणून नळीच्या खोक्यात सापडलं ते घातलं: तुझं पोस्टकार्ड. ते न अडखळता सरकलं तेव्हा थांबली. पुढचं तुला पहिल्या परिच्छेदात सांगितलंय.

तुझा हात कुठंच चुकला नव्हता. येत्या रविवारी हे सगळं माझ्या सदरात येतंय, या वेळी नावांसकट, तुझं आणि माझंही. पण छापून येण्याआधी तू वाचावंस म्हणून हे पत्र. मी चुकलो, जीवन. नवनाथ सांगत होता, तू त्यानंतर काच हातात धरली नाहीस, आणि बारा इंची कोरी काच अजून तुझ्या पलंगाखाली आहे. सृष्टीला घासायला शिकायचंय. पिंप ती बघते, चहा मी करीन, स्क्रूला हात लावणार नाही. शनिवारी दुपारी आम्ही नांदगावला येतोय. दुर्बीण मागच्या सीटवर, क्लिपा सैल. गल्लीच्या तोंडाशी काहीतरी खडखडलं, तर तो तुझा आरसा समज आणि जमलं तर दार उघड.

तुझाच, समोसे तळणारा,
प्रफुल्ल